खा.

२०२५ च्या ३१ डिसेंबरला संध्याकाळी, म्हणजे सगळी बिल्डिंग केक आणि पावभाजीच्या मागे असताना, मी कामाच्या मावशींचे २४० रुपये कापले. आमच्याकडे एक नियम आहे, सासूबाईंनी केलेला आणि वीसेक वर्षं चालत आलेला, की महिन्याला दोन खाडे माफ आणि तिसऱ्यापासून कापायचे. दिवाळीपर्यंत हा सगळा हिशोब आईच बघायच्या, मग त्यांच्या मोतीबिंदूचं निघालं, नोटा नीट दिसेनात, आणि पगार द्यायचं खातं माझ्याकडे आलं. तर मी भिंतीवरचं कालनिर्णय बघितलं, डिसेंबरच्या पानावर चार चौकोनांत निळ्या पेननं 'खा.' लिहिलेलं, म्हणजे चार खाडे, म्हणजे दोन कापायचे. मावशी म्हणाल्या, "ताई, चार कुठले, दोनच झाले. एकदा पोरीला ताप होता आणि एकदा नणंदेकडं बारसं." मी वाद घातला नाही, घातला असता तर बरं झालं असतं. मी नुसतं त्या चौकोनांवर बोट ठेवलं, एक, दोन, तीन, चार. मावशींना वाचता येतं. त्यांनी बघितलं, ओले हात पदराला पुसले, पैसे न मोजताच ब्लाऊजमधल्या पाकिटात सरकवले आणि "येते" म्हणून गेल्या. दरवाजा रोजच्यापेक्षा हळू लावला, तेवढंच.

रात्री जेवताना मी सहज म्हटलं, की मावशींचे या महिन्यात चार खाडे झाले ना आई. त्या भाकरी दुधात कुस्करत होत्या. "चार? दोन गं. मी फुल्या मारल्यात की." मग ते 'खा.' कसलं? तर त्या जरा थांबल्या, आणि चोरी पकडली गेल्यासारखं हसून म्हणाल्या, "ते माझं आहे. खा म्हणजे खाली. मी खाली गेले की लिहिते."

फुल्या होत्या. दोन. मला वाटलं होतं पेपर आला नाही त्या दिवसांच्या असतील.

आता यात एवढं काय, असं कुणालाही वाटेल. फोन करून सॉरी म्हणायचं, २४० रुपये परत द्यायचे, विषय संपला. पण मला त्या रात्री झोप लागेना. बाहेर बारा वाजता फटाके, स्टेशनच्या बाजूनं गाड्यांचे भोंगे, नवरा घोरतोय, मुलगा मित्रांकडे, आणि मी स्वयंपाकघरातली ट्यूब लावून कालनिर्णय खिळ्यावरून काढून ओट्यावर पसरलंय. वर्षभराची पानं उलटी दुमडून दुमडून त्याला एक बाक आलेला असतो, सरळ राहतच नाही, वर डाळीचा डबा ठेवावा लागला. फोडणीचे शिंतोडे, हळदीचं एक बोट, मार्चच्या पानाला आमटीचा डाग, आणि वास, तेलाचा आणि कागदाचा मिळून येतो तो. मी जानेवारीपासून 'खा.' मोजायला घेतले.

आईंच्या चौकोनांबद्दल सांगायला हवं. त्यांचं लग्न १९७२ चं आणि कालनिर्णय निघालं १९७३ ला, त्यामुळे संसार आणि कॅलेंडर जवळजवळ बरोबरच सुरू झालं असं त्या म्हणतात. छापलेली तिथी, नक्षत्र, सूर्योदय सोडून जी करंगळीच्या नखाएवढी जागा उरते त्यात त्या अख्खं घर बसवतात. 'दू. अर्धा जा.' म्हणजे दूध अर्धा लिटर जास्त. 'सि. ला.' म्हणजे सिलिंडर लावला. 'इ. १४' म्हणजे इस्त्रीला चौदा कपडे. 'पा. ना.' म्हणजे पाणी नाही, जे डोंबिवलीत राहणाऱ्याला समजावून सांगायला नको. एप्रिलच्या ८ तारखेला 'सि. ५० वाढ' असं लिहून खाली दोन रेघा, राग आल्यासारख्या. हे सगळं मी वीस वर्षं बघतेय आणि मला वाटायचं मला ही लिपी येते.

जानेवारीत 'खा.' तेवीस वेळा.

म्हणजे जवळजवळ रोज. आमची बिल्डिंग १९८६ ची, तळमजला अधिक तीन, सोळा बिऱ्हाडं, लिफ्ट नाही. आम्ही तिसऱ्या मजल्यावर. चोपन्न पायऱ्या आहेत, हेही मला त्या रात्रीपर्यंत माहीत नव्हतं, पानाच्या कडेला आईंनीच कधीतरी १८ गुणिले ३ असा हिशोब मांडलेला होता. काळ्या कडप्प्याच्या पायऱ्या, मधोमध झिजून बशीसारख्या खोलगट झालेल्या, पावसाळ्यात चपलेला चिकटून चुकचुक वाजणाऱ्या. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर कठड्याचा एक गज सैल आहे, त्याला हात लागला की टण्ण वाजतो, आणि घरात बसून आम्हाला कळतं कोणीतरी वर येतंय. खाली मीटरच्या पेट्यांच्या शेजारी एक कट्टा आहे, सकाळी दहा ते साडेअकरा त्याच्यावर ऊन येतं, आणि तिथं आईंचं मंडळ बसायचं. पाच जणी. मटार सोलणं, मेथी निवडणं, सुनांबद्दल बोलणं (मी गृहीत धरते), आणि येणाऱ्याजाणाऱ्या कुरिअरवाल्याला "कुणाकडे?" विचारणं.

फेब्रुवारीत वीस. त्यातल्या ९ तारखेच्या 'खा.' पुढं 'सभा' असं लिहिलंय. ती रिडेव्हलपमेंटची विशेष सभा. आमच्याकडे हे प्रकरण पाच-सहा वर्षं नुसतं उकळतच होतं. बिल्डर येतात, पेढे देतात, जातात, कोणाला दीडशे फूट जास्त हवेत, कोणाला पार्किंग, कोणाला नुसतंच नको असतं. आता ५१ टक्के संमती लागते, पूर्वी ७५ लागायची, म्हणून यावेळी गाडी पुढं सरकली. फ्लॅट आईंच्या नावावर, सभासदानं स्वतः हजर राहायला लागतं, सूनबाई चालत नाही. निबंधक कार्यालयातून माणूस आलेला, व्हिडिओ शूटिंग चालू, पार्किंगमध्ये मांडववाल्याच्या लाल खुर्च्या, बिल्डरच्या माणसानं लॅपटॉपवर चौदा मजल्यांचं चित्र दाखवलं, त्यात खाली हिरवळ आणि हिरवळीवर कुठली तरी गोरी बाई कुत्रं घेऊन चाललेली. सगळे कार्पेट, कॉर्पस (बिल्डर एकरकमी देतो ते पैसे), भाडं असं विचारत होते. आईंनी हात वर केला आणि विचारलं, "लाईट गेल्यावर लिफ्ट चालते का?" सगळे हसले. तो माणूसही हसला, बॅकअप असतो आजी, म्हणाला. मीपण हसले. आता रात्री पावणेएकला ओट्याशी उभी राहून ते आठवल्यावर मला माझंच हसू ऐकायला आलं आणि बरं नाही वाटलं.

मार्च एकोणीस, एप्रिल सतरा. मेमध्ये बारा, पण मेचं पान बघण्यासारखं आहे. महिन्याच्या सुरुवातीला 'सांडगे गच्ची', 'कुरडया गच्ची' अशा नोंदी आणि मग मधेच पाऊस सुरू. २६ मेला मुंबईत मान्सून आला, इतक्या लवकर आल्याची नोंदच नाही म्हणे, पण त्याच्या आधीच दोन आठवडे वळवानं धुमाकूळ घातलेला, कुरडया गच्चीवरून आणता आणता निम्म्यांचं पुन्हा पीठ झालेलं. आईंनी लिहिलंय 'कु. गेल्या.' माणूस गेल्यासारखं. या गच्चीवरचं हे शेवटचं वाळवण होतं हे तेव्हा त्यांच्या डोक्यात असणार, माझ्या नव्हतं. मी त्यांना म्हटलेलं, आई आणू की विकतच्या, एवढी काय दगदग. त्यावर त्यांनी जो चेहरा केला तो कुठल्या चौकोनात मावला नसता.

जूनच्या पानावर मी बराच वेळ थांबले. ९ तारीख, सोमवार. त्या सकाळी मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन लोकल एकमेकींशेजारून जाताना दारात लटकलेली माणसं पडली. मुलगा तेव्हा नुकताच नोकरीला लागलेला, त्याच लाईनवर, त्याच वेळेला. मी ऑफिसमध्ये होते, त्याचा फोन लागत नव्हता, मग लागला, मग मी लगेच दुसऱ्या कामाला लागले कारण असंच करतो आपण, डोंबिवलीकरांना दुसरं येत नाही. दुसऱ्या दिवशी वटपौर्णिमा, तिसऱ्या दिवशी पुन्हा तीच गाडी, तोच दरवाजा. आईंच्या चौकोनात दूध नाही, पाणी नाही, 'खा.' नाही. फक्त 'फोन आला.' पूर्ण शब्द. आणि पेन इतकं दाबलेलं की पाठीमागच्या पानावरून बोट फिरवलं तर अक्षरं लागतात.

त्याच महिन्यात १९ तारखेला 'पा. घ.' असं आहे, ते मात्र मला माहीत होतं, पाय घसरला. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर, त्या सैल गजापाशी. फार लागलं नव्हतं, गुडघा सुजला, शेक दिला, पट्टा आणला, दहा दिवसांत घरात चालायला लागल्या. झालं, माझ्या लेखी तिथं तो विषय संपला. कॅलेंडरच्या लेखी नाही. जुलैत तीन. ऑगस्टमध्ये दोन. सप्टेंबरमध्ये एकदम सहा झाले, कारण गणपती पार्किंगमध्येच बसतो आणि मुलगा आणि वॉचमननं त्यांना खुर्चीत बसवून खाली नेलं, त्यांनी आरतीला टाळ धरला, सगळ्यांना प्रसाद दिला, फोटोत छान हसल्यात. ऑक्टोबर पाच. नोव्हेंबर तीन, त्यातली एक बँकेत हयातीचा दाखला द्यायला. पेन्शनसाठी दरवर्षी आपण जिवंत आहोत हे सांगावं लागतं. त्या चौकोनात आईंनी लिहिलंय 'खा. दाखला. आहे.'

हे 'आहे' वाचून मी एकटीच हसले आणि मग पाणी प्यायले.

मला खरं टोचलं ते वेगळंच. ऑक्टोबरमध्ये डोळ्यांच्या डॉक्टरांनी विचारलं होतं, आजी घराबाहेर पडतात का, फिरणं वगैरे आहे का. आईंच्या आधी मी उत्तर दिलं, "हो, खाली जातात की रोज." अगदी ठामपणे. आई शेजारच्या खुर्चीत होत्या. काही बोलल्या नाहीत, पर्सची चेन उघडली आणि परत लावली. मी पावणेआठची गाडी पकडते, रात्री आठला येते, शनिवारी झोप आणि रविवारी आठवड्याच्या भाज्या. माझ्या डोक्यात आई खाली कट्ट्यावर बसलेल्याच होत्या, चार महिने, दहा ते साडेअकराच्या उन्हात, एखादा फोटो लावून ठेवावा तशा.

आणि गंमत बघा, त्याच रात्री माझ्या फोननं मला माझं वर्ष दाखवलं. आपोआप करतो तो, संगीत वगैरे लावून. तुमचे २०२५ चे खास क्षण. तर त्यात माथेरानचे दोन फोटो, भाच्याची मुंज, आणि मग शेअर सर्टिफिकेट, इंडेक्स टू (फ्लॅटच्या नोंदणीचा कागद), लाईट बिल, आईंचं आधार कार्ड पुढून, आईंचं आधार कार्ड मागून, पुन्हा लाईट बिल. सगळ्यांवर सनईसारखं काहीतरी वाजतंय. रिडेव्हलपमेंटमध्ये असलेल्या कुठल्याही घराचे खास क्षण हेच असणार म्हणा. शिवाय माझी रोजची पावलं किती झाली तेही फोन सांगतो, सरासरी साडेसहा हजार, शाब्बास. मी कधी मागितलेलं नाही. आईंनी त्यांची स्वतः मोजली, करंगळीच्या नखाएवढ्या जागेत, आणि कुणाला दाखवली नाहीत.

डिसेंबरमधले चार मी सकाळी त्यांनाच विचारले. एक रजिस्ट्रेशनचं. करारनाम्यावर अंगठा आणि फोटो, त्या कॅमेऱ्यात सगळेच गुन्हेगार दिसतात. एक डोळ्यांच्या डॉक्टरांचा. एक पहिल्या मजल्यावरच्या काकूंना बघायला, त्या आता पडूनच असतात. चौथ्यापुढं काहीच लिहिलेलं नव्हतं. "ते असंच," आई म्हणाल्या. असंच म्हणजे? "अगं, घरात कुणी नव्हतं, ऊन छान होतं, म्हटलं बसून यावं. तर खाली कुणीच नव्हतं. एक गेली लेकीकडे पुण्याला, एक झोपून, जोशीणबाई त्यांच्या भाड्याच्या जागेत आधीच गेल्यात. वॉचमनला विचारलं किती वाजले, त्यानं सांगितलं, मग आले वर." चोपन्न उतरून, चोपन्न चढून. मला वर्षभर त्या गजाचा टण्ण ऐकू यायचा ना, त्या दिवशी तो ऐकायला घरात कोणी नव्हतं एवढंच.

मार्चअखेर जागा रिकामी करून द्यायची आहे. भाड्याची जागा मिळालीय, कल्याण-शिळ रोडला, अकराव्या मजल्यावर. जागा शोधणं हा एक स्वतंत्र लेख होईल, त्यातलं एवढंच सांगते की आम्ही पाहिलेल्या नऊ जागांपैकी चारमध्ये लिफ्ट होती आणि तीनमध्ये ती चालू होती. ही जी घेतलीय तिथं दोन लिफ्ट आहेत, आरसा आहे, बाई बोलते, "दरवाजा बंद होत आहे". आईंना दाखवायला नेलं तेव्हा त्यांनी स्वतः बटण दाबलं, खाली गेल्या, पुन्हा वर आल्या, पुन्हा खाली. एकही पायरी नाही. मी म्हटलं, बघा आता रोज खाली जाता येईल. त्यांनी काचेतून खाली पाहिलं. गाड्या, गाड्या, एक बंद कारंजं, आणि सिक्युरिटीच्या खोलीबाहेर उभा असलेला एक मुलगा. "हो," त्या म्हणाल्या, "पण खाली कोण आहे?"

तीन वर्षं म्हणतोय बिल्डर. तीन म्हणजे चार धरा. सोळा घरं सोळा दिशांना जाणार, कोण बदलापूर, कोण लेकाकडे ठाण्याला, आणि चार वर्षांनी परत येताना पाचजणींतल्या किती येतील हा हिशोब कुणी मोठ्यानं करत नाही. मी पण करत नाही. मला नवीन घर हवंय, हे मी लपवणार नाही. मला गळकं बाथरूम नकोय, मला ओट्याखाली ड्रॉवर हवेत, मला रविवारी पाण्याच्या पिंपाशी उभं राहायचा कंटाळा आलाय. घर सोडताना लोक भिंतींवर हात फिरवून रडतात तसं काही माझं होईल असं वाटत नाही, आमच्या भिंतींना हात लावला तर रंग निघतो. पण तो टण्ण वाजणारा गज मला चालला असता, कुठंतरी.

नवीन कालनिर्णय मी १ तारखेला जुन्याच खिळ्यावर लावलं. आईंनी आधी सगळी पानं चाळली, चष्मा कपाळावर, कॅलेंडर नाकाला टेकवून. पाडवा १९ मार्चला, म्हणजे गुढी याच गॅलरीत उभारायची, हे नक्की झालं. गणपती १४ सप्टेंबर, तिकडे. मग एकदम म्हणाल्या, "अगं, यंदा अधिक आहे. ज्येष्ठ. १७ मे ते १५ जून." त्यांच्या चेहऱ्यावर जरा उजेड आला, अधिक म्हणजे लेक-जावई येणार, तेहतीस अनारसे, चांदीचं काहीतरी. अकराव्या मजल्यावर अनारसे तळायला काही हरकत नाही ना, मी म्हटलं, जाळी पडली म्हणजे झालं. त्या विचार करत होत्या. "बिल्डर अधिक महिन्याचं भाडं देणार का?" यावेळी मी आधी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं, त्या हसत होत्या, मग हसले.

मावशी आल्या नेहमीसारख्या साडेसातला. मी दारातच २४० रुपये दिले आणि सांगितलं काय झालं ते, खा म्हणजे काय ते, आणि माझंच चुकलं. मला वाटलं त्या रागावतील किंवा राहू दे म्हणतील. त्यांनी पैसे घेतले, यावेळी मोजले. मग भांडी घासता घासता, नळ चालू ठेवूनच, म्हणाल्या, "मार्चनंतर या बिल्डिंगमधली माझी पाच घरं जाणार ताई. पाच. मी कालपास्नं तेच बघत होते, २४० चं नाय." मला हे माहीत नव्हतं असं नाही. मला हे माहीत होतं आणि मी त्याचा विचार केलेला नव्हता, आणि ह्या दोन गोष्टींत फरक आहे असं मला २०२५ पर्यंत वाटायचं. कल्याण-शिळ रोडला यायला त्यांना दोन रिक्षा. मी म्हटलं, बघू काहीतरी. त्या "हूं" म्हणाल्या, कढई पालथी घातली, आणि मग आतल्या खोलीकडे तोंड करून जरा मोठ्यानं, "आज्जी, उद्या लवकर आवरा, माझं वरचं काम झालं की मी खालीच जाते, तुमाला घेऊन जाते. धराया मी हाय. जोशी आज्जीला पन फोन करा, रिक्षानं यील ती."

मी दुसऱ्या दिवशी ऑफिसात होते. किती वाजता गेल्या, कोण कोण आलं, मटार होते की मेथी, मला काही सांगितलं नाही, मीही रात्री खोदून विचारलं नाही. पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले तेव्हा कॅलेंडर बघितलं. २ जानेवारी, शुक्रवार. चौकोनात मावत नव्हतं, शेवटचं अक्षर नक्षत्राच्या नावावर चढलंय, पण यावेळी पूर्ण लिहिलंय, 'खाली'. आणि त्याच्या खाली, बारीक, दू. अर्धा जा.